अद्भुत कथांचे पहिले श्रोते

गेल्या पावसाळ्यांत पालकसभेच्या दिवशीं एक गृहस्थ आम्हांस भेटले आणि व्हरांड्यांत जरा बाजूस घेऊन म्हणाले, "आमच्या चिरंजीवांस दुसरा कोणताहि वाईट नाद नाहीं. परंतु जादूचीं, राक्षसांचीं आणि चांच्यांचीं पुस्तकें हातीं पडलीं कीं त्यास जेवणाची शुद्ध राहत नाहीं. खोटें वाचून मुलाच्या पदरांत काय पडतें, तें आपणच सांगा." प्रश्न रोखठोक होता. त्या वेळीं आम्हीं कांहीं तरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण घरीं जातांना आमचें उत्तर आमचें आम्हांसच पटेना. तेव्हां या अंकाच्या निमित्तानें त्या गृहस्थांचें देणें फेडावें आणि त्यांच्या चिरंजीवांसहि चार गोष्टी सांगाव्या, असें आम्हीं योजिलें आहे.

अगोदर एक कबुली देऊन टाकूं. ससा खिशांतून घड्याळ काढून पाहत नाहीं, कपाटाच्या पाठीमागें बर्फाळ रान नसतें, आणि सोन्याच्या राशीवर निजलेला, तोंडांतून ज्वाळा सोडणारा सर्प पृथ्वीच्या पाठीवर कोणींहि पाहिलेला नाहीं. हें मुलांस ठाऊक नसतें असें समजणें हा मोठ्या माणसांचा भोळेपणा होय. आजीनें राजकन्येची गोष्ट आरंभिली म्हणजे मांडीवरचें पांच वर्षांचें मूल तें राज्य नकाशावर कोठें आहे म्हणून विचारीत नाहीं. परंतु काल राजकन्येच्या हातांत सोन्याचें कंकण होतें आणि आज तें चांदीचें झालें, तर तेंच मूल ताडकन् उठून बसतें. या कथांचें सारें शास्त्र त्या एका हरकतींत आहे असें आमचें मत आहे. गोष्ट खोटी चालते. ती बेइमान चालत नाहीं. आणि ही शिस्त लेखकांस कोणा टीकाकारानें लाविलेली नसून बहुधा समोर बसलेल्या एखाद्या मुलानें लाविलेली असते, हें या पुस्तकांच्या जन्मकथा पाहिल्या म्हणजे ध्यानांत येतें.

इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्च या विद्यालयांत चार्ल्स डॉजसन नांवाचे गणिताचे अध्यापक होते. ता. ४ जुलै १८६२ रोजीं ते, त्यांचे स्नेही रॉबिन्सन डक्वर्थ, आणि विद्यालयाचे प्रमुख लिडेल यांच्या तीन मुली (तेरा वर्षांची लोरीना, दहा वर्षांची ॲलिस व आठ वर्षांची ईडिथ) नावेंत बसून थेम्स नदीनें गॉडस्टो गांवाकडे सहलीस निघाले. मुलींनीं गोष्टीचा हट्ट धरला. डॉजसन यांनीं आपल्या नायिकेस सशाच्या मागोमाग एका बिळांत सोडून दिलें. पुढें तिचें काय करावयाचें याची त्या क्षणीं त्यांसहि कल्पना नव्हती, असें त्यांनीं मागाहून लिहून ठेविलें आहे. घरीं परततांना ॲलिसनें ती गोष्ट लिहून मागितली. डॉजसन यांनीं ती स्वहस्तें लिहिली, स्वतःच तिच्यांत चित्रें काढिलीं, आणि १८६४ च्या नोव्हेंबरांत ती वही तिला नजर केली. पुढच्या वर्षीं 'लुइस कॅरोल' या टोपणनांवानें तेंच पुस्तक वाढवून छापण्यांत आलें. चित्रकार जॉन टेनिएल यांस छपाई पसंत पडली नाहीं, म्हणून पहिली आवृत्ति मागें घेऊन पुस्तक पुन्हां छापावें लागलें.

त्या पुस्तकांत सर्व कांहीं उलटेंपालटें आहे, अशी समजूत आहे. वस्तुतः त्यांतील प्रत्येक प्राणी वकिलासारखा शब्दाशब्दावर अडून बसतो, आणि ॲलिसचें बोलणें कोठें सैल पडलें कीं तत्काळ तिला पकडतो. गणिताच्या मास्तरांच्या हातचा वेडेपणा असाच असावयाचा. असो. त्या वहीचें पुढें काय झालें हेंहि सांगतों. ॲलिस मोठी झाली, तिचा संसार झाला, तिच्या तीन मुलांपैकीं दोन पहिल्या महायुद्धांत पडले. पतीच्या निधनानंतर १९२८ सालीं तिनें ती वही लिलांवांत काढिली, तेव्हां तिला १५,४०० पौंड किंमत आली. वही अमेरिकेंत गेली. १९४८ सालीं तिकडील सद्गृहस्थांनीं वर्गणी करून ती इंग्लंडास परत दिली. एका दहा वर्षांच्या मुलीच्या हट्टाची ही वही आतां लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत जपून ठेविलेली आहे.

साहसकथांचा प्रकार याहून निराळा. तेथें जादू नसते. परंतु दूरचें बेट, फुटलेलें जहाज व पुरलेलें द्रव्य असतें, आणि तेथेंहि कायदा तोच. तो मोडला म्हणजे काय होतें याचें एक मौजेचें उदाहरण आहे. आर. एम. बॅलंटाइन या स्कॉटिश लेखकानें १८५७ सालीं 'कोरल आयलंड' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तींत तीन मुलें दक्षिण समुद्रांतील एका बेटावर अडकतात, आणि नारळ हातीं लागतांच त्यास भोंक पाडून पाणी पितात. बॅलंटाइन कधीं त्या समुद्राकडे गेलेला नव्हता. त्यानें नारळ पाहिला तो दुकानांतला, म्हणजे सोललेला! झाडावरच्या नारळास सोडण असतें, आणि तें कोयत्यावांचून किंवा पहारेवांचून निघत नाहीं, हें कोंकणांतील कोणतेंहि शेंबडें पोर त्यास सांगतें. चूक उघडकीस आल्यावर बॅलंटाइन ओशाळला, आणि पुढें ज्या स्थळाविषयीं लिहावयाचें तें शक्यतों स्वतः पाहून यावयाचें, असा त्यानें परिपाठ ठेविला. एका नारळानें लेखकास घराबाहेर काढिलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

बॅलंटाइनचीं पुस्तकें वाचून वाढलेल्यांपैकींच रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा एक होता. १८८१ च्या पावसाळी उन्हाळ्यांत (स्कॉटलंडांत असा ऋतु असतो) तो ब्रेमार या गांवीं बिऱ्हाड करून राहिला होता. प्रकृति क्षीण, बाहेर पाऊस, आणि घरांत बायकोच्या पहिल्या लग्नाचा तेरा वर्षांचा मुलगा लॉइड सुटींत कंटाळलेला. लॉइड रंगपेटी घेऊन चित्रें काढीत बसे व स्टीव्हन्सनहि अधूनमधून त्याच्या शेजारीं बसून हात चालवी. अशाच एका दिवशीं त्यानें एका बेटाचा नकाशा काढिला. त्या बेटाचा आकार त्याच्या मनांत भरला. त्यांतील खाड्या, टेकड्या व बंदरें यांस त्यानें नांवें दिलीं, रंग भरले, आणि बेटाचें नांव 'ट्रेझर आयलंड' म्हणजे खजिन्याचें बेट असें ठेविलें. मग त्या रंगविलेल्या रानांतून एकेक मनुष्य डोकें वर काढूं लागला. कथा अगोदर व नकाशा मागाहून, असा हा प्रकार नव्हे. कथाच नकाशांतून उगवली.

रोज एक प्रकरण लिहावयाचें आणि दुपारीं जेवणानंतर घरच्या मंडळींस वाचून दाखवावयाचें, असा क्रम सुरू झाला. लॉइडनें अट घातली कीं, गोष्टींत बाईमाणूस नको. (नायक जिम याची आई तेवढी त्या अटींतून सुटली. आमच्या विद्यार्थिनींनीं याबद्दल लॉइडवर रागवावें, स्टीव्हन्सनवर नव्हे.) परंतु खरी गंमत पुढेंच आहे. स्टीव्हन्सनचे वडील टॉमस हे दीपगृहें बांधणारे नामांकित इंजिनियर, वय त्रेसष्ट, मुलानें लेखक व्हावें हें त्यांस मुळींच रुचलेलें नव्हतें. तेहि श्रोत्यांत येऊन बसले, आणि दोन दिवसांत घरांत एकाच्या जागीं दोन मुलें झालीं! कथेंतील बिली बोन्स या खलाशाच्या मृत्यूनंतर त्याची पेटी उघडावयाची होती. त्या पेटींत काय काय निघावें याची यादी करण्यांत म्हाताऱ्यानें बहुतेक सारा दिवस घालविला, आणि एका कचेरीच्या पाकिटाच्या पाठीवर ती लिहून मुलाच्या हातीं दिली. स्टीव्हन्सननें ती जशीच्या तशी घेतली. जुन्या चांच्याच्या जहाजाचें 'वॉलरस' हें नांवहि वडिलांच्याच आग्रहाचें. ज्या बापलेकांचें कित्येक वर्षें धड पटलें नव्हतें, तीं दोघें एका कल्पित पेटीवर ओणवीं होऊन बसलीं आहेत, हें चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. ज्या गृहस्थांनीं आम्हांस प्रश्न विचारला, त्यांस हें चित्र दाखवावें अशी आमची फार इच्छा आहे.

पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणें झालीं, आणि सोळाव्याच्या आरंभींच लेखणी अडली. पुढें हिवाळ्यांत स्वित्झर्लंडांतील दाव्होस येथें ती पुन्हां वाहूं लागली. 'यंग फोक्स' या मुलांच्या साप्ताहिकांत १८८१ च्या ऑक्टोबरपासून १८८२ च्या जानेवारीपर्यंत 'कॅप्टन जॉर्ज नॉर्थ' या खोट्या नांवानें ही कथा क्रमशः आली, तेव्हां तिच्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. १८८३ सालीं पुस्तक निघालें आणि सर्वत्र बोलबाला झाला. पुस्तकाच्या वेळीं मूळ नकाशा प्रकाशकांकडे धाडला होता. तो पोंचलाच नाहीं असें उत्तर आलें. आतां सारें पुस्तक पुन्हां चाळून, कोठें कोणती दिशा व किती अंतर सांगितलें आहे याची टिपणें काढून, त्यांस जुळेल असा दुसरा नकाशा वडिलांच्या कचेरींत तयार करावा लागला. वडिलांनीं त्यावर चांचा फ्लिंट याची सहीहि बनावट करून दिली. परंतु तें आपलें खरें बेट नव्हे, अशी हळहळ स्टीव्हन्सनला अखेरपर्यंत वाटली. लेखकास आपल्या मुलुखाच्या दिशा, अंतरें व सूर्य उगवण्याची बाजू हीं हाताच्या रेषांसारखीं ठाऊक असलीं पाहिजेत, असें त्याचें सांगणें होतें. कल्पित मुलुखास हा नियम अधिकच लागू पडतो, कारण तेथें चूक झाली तर ती झांकावयास खरा मुलूख नसतो.

यापुढची कथा पुन्हां ऑक्सफर्डची. १९३० च्या सुमारास तेथील प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत बसले होते. एका परीक्षार्थ्यानें एक पान कोरें सोडलें होतें. कंटाळलेल्या प्राध्यापकांनीं त्या पानावर एक वाक्य लिहिलें, त्यांत 'हॉबिट' हा शब्द आला; आणि हॉबिट म्हणजे काय हें त्यांनाहि ठाऊक नसल्यामुळें तें शोधून काढण्याकरितां त्यांस एक सबंध पुस्तक लिहावें लागलें. (विद्यार्थ्यांनीं यावरून उत्तरपत्रिकेंत कोरीं पानें सोडण्यास आधार शोधूं नये.) रात्रीं ते ही गोष्ट आपल्या मुलांस सांगत. धाकटा क्रिस्टोफर तेव्हां चारपांच वर्षांचा होता. एके रात्रीं तो मध्येंच म्हणाला कीं, मागल्या खेपेस तुम्हीं बिल्बोच्या घराचें दार निळें म्हणून सांगितलें होतें व थॉरिनच्या टोपीचा गोंडा सोनेरी होता. आतां तुम्ही दार हिरवें आणि गोंडा रुपेरी म्हणतां, हें कसें? प्राध्यापक महाशय पोराच्या नांवानें कांहीं तरी पुटपुटले, पण उठले. आणि खोलीच्या दुसऱ्या टोंकास जाऊन त्यांनीं टिपण करून ठेविलें.

आमच्या मतें या सबंध वाङ्मयप्रकारांत याहून महत्त्वाचा प्रसंग क्वचितच सांपडेल. राक्षस, बुटके व सर्प यांच्या गोष्टीवर त्या मुलाची यत्किंचितहि तक्रार नव्हती. त्याची तक्रार दाराच्या रंगाबद्दल होती. आणि बापाचा मोठेपणा असा कीं, त्यानें 'गोष्टच तर आहे' असें म्हणून मुलास गप्प बसविलें नाहीं.

पुस्तक छापावें कीं नाहीं हा प्रश्न पडला, तेव्हां प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनीं १९३६ सालीं तें हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाकडे, रेनर याजकडे, अभिप्रायास दिलें. अभिप्रायाचा मेहनताना एक शिलिंग! रेनरनें लिहून दिलें कीं पुस्तक चांगलें आहे व पांच ते नऊ वर्षांच्या मुलांस आवडेल. दहा वर्षांच्या प्रौढास याहून अधिक काय म्हणतां येणार? ता. २१ सप्टेंबर १९३७ रोजीं 'द हॉबिट' प्रसिद्ध झालें. त्याचाच पुढला अवाढव्य ग्रंथ तयार झाला, तेव्हां रेनर प्रकाशनाच्या धंद्यांत शिरला होता. यांत हजार पौंडांचें नुकसान होईल असें त्यानें वडिलांस कळविलें, आणि ग्रंथ थोर वाटत असेल तर तें नुकसान सोसावें, असें वडिलांनीं उत्तर दिलें. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा तो ग्रंथ १९५४ व १९५५ सालीं तीन भागांत निघाला; नुकसान झालें नाहीं, हें सांगावयास नकोच. त्यांतील नकाशे काढले क्रिस्टोफरनें. दाराच्या रंगाबद्दल हटकणाऱ्या त्या मुलानें बापाच्या मृत्यूनंतर आपलें उरलेलें आयुष्य बापाचीं अपुरीं टिपणें लावण्यांत, त्यांतील विसंगति शोधण्यांत व तीं छापण्यांत घालविलें, आणि २०२० सालीं पंचाण्णवाव्या वर्षीं देह ठेविला. अशीच एक गोष्ट अलीकडची आहे. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरचें पहिलें पुस्तक अनेक प्रकाशकांनीं परत केलें होतें. एका प्रकाशकानें त्याचें पहिलें प्रकरण आपल्या आठ वर्षांच्या मुलीस वाचावयास दिलें, आणि तिनें पुढचीं पानें मागून बापाचें डोकें खाल्लें. तें पुस्तक १९९७ सालीं बाहेर पडलें.

आतां पालकांच्या भीतीचा विचार करूं; कारण ती भीति अगदींच निराधार नाहीं. जे. एम. बॅरी यांचें 'पीटर पॅन' हें नाटक ता. २७ डिसेंबर १९०४ रोजीं लंडनच्या रंगभूमीवर आलें. त्यांतील मुलें मनांत गोड विचार आणून हवेंत उडतात. नाटक पाहून घरीं गेलेल्या कित्येक मुलांनीं पलंगावरून उडण्याचा प्रयोग केला आणि त्यांस शस्त्रवैद्याकडे न्यावें लागलें, असें स्वतः बॅरी यांनींच नमूद केलें आहे. पालकांच्या सांगण्यावरून त्यांनीं नाटकांत एक नियम वाढविला: अंगावर परीची धूळ फुंकली गेल्यावांचून कोणासहि उडतां येत नाहीं. ही युक्ति आम्हांस फार आवडते. उडणें खोटें आहे असें सांगून बॅरी यांनीं खेळ मोडला नाहीं. खेळास एक कायदा जोडला, आणि मुलांनीं तो मानला. पुढें १९२९ सालीं त्यांनीं या नाटकाचे सर्व हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयास देऊन टाकिले. हक्काची मुदत संपल्यावर १९८८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें खास कलम करून तें उत्पन्न त्या रुग्णालयास कायमचें चालूं ठेविलें. सी. एस. लुइस यांनींहि असेंच केलें. कपाटांतून नार्निया देशांत जाणाऱ्या मुलांची त्यांची कथा १९५० सालीं निघाली. तींत कपाटांत शिरतांना दार लावून घेणें मूर्खपणाचें आहे, असें ते पुनःपुन्हां बजावितात. कथा लिहीत असतां लेखकाचें एक लक्ष वाचणाऱ्या मुलाच्या बोटांकडे आहे, हें त्यावरून कळतें.

दुसरा आक्षेप असा कीं, या पुस्तकांत आईबापांस नेहमीं कोठें तरी दूर पाठविलेलें असतें. तें खरें आहे, आणि तें लेखकांच्या सोयीकरितां आहे. जिम सफरचंदाच्या पिंपांत बसलेला असतांना खलाशांचा कट ऐकतो. त्या वेळीं बाप जवळ असता, तर जिमनें बापास सांगितलें असतें आणि आपण निजावयास गेला असता. आतां मात्र जहाजावरील सर्व प्रामाणिक माणसांचे प्राण त्याच्या एकट्याच्या तोंडावर अवलंबून आहेत. वाचणारें मूल त्या पिंपांत त्याच्या शेजारीं अंग चोरून बसतें व मनाशीं ठरवितें कीं आपण काय केलें असतें. जादूस मर्यादा असते तिचेंहि कारण हेंच. सर्व कांहीं करूं शकणारी कांडी नायकाच्या हातीं दिली, तर त्यास भ्यावयाचें कारण नाहीं. आणि ज्यास भय नाहीं त्याचें धैर्य तें कसलें? बिल्बो हा चार फुटांहूनहि ठेंगणा, गुबगुबीत, चहाची वेळ चुकली तर हळहळणारा प्राणी आहे, म्हणूनच तो सर्पाच्या गुहेंत उतरूं लागला म्हणजे आपले हातपाय गार पडतात.

तथापि, या जातीच्या सर्वच पुस्तकांची वकिली आम्ही करीत नाहीं. कित्येकांत प्रत्येक संकटास प्रकरणाच्या शेवटीं नवी जादू निघते. अशीं पुस्तकें मुलेंच अर्ध्यावर टाकितात. याहून मोठा दोष जुन्या साहसकथांत आहे. १७१९ सालच्या 'रॉबिन्सन क्रूसो'मध्यें क्रूसो एका बेटवासी तरुणाचे प्राण वाचवितो आणि त्याचें खरें नांव काय हें न विचारतां त्याला 'फ्रायडे' म्हणूं लागतो व आपणांस 'धनी' म्हणावयास शिकवितो. लहानपणीं आम्हांस यांत कांहींच वावगें दिसलें नव्हतें. आतां तें पान आलें कीं वाचतां वाचतां आमचा आवाज अडखळतो. तें पुस्तक मुलांपासून लपवावें असें नाहीं. परंतु त्या तरुणाचें नांव काय असेल, हा प्रश्न मुलाबरोबर वाचणाऱ्यानें अवश्य विचारावा.

याच बाबतींत फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न आम्हां हिंदी वाचकांस जवळचा वाटतो. त्याच्या पाणबुडीचा स्वामी कॅप्टन निमो कोण, हें पहिल्या पुस्तकांत गुप्तच राहतें. १८७५ सालीं पूर्ण झालेल्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्यें उलगडा होतो कीं, तो बुंदेलखंडाचा राजपुत्र दक्कर असून १८५७ च्या युद्धांत इंग्रजांविरुद्ध लढलेला आहे. ज्या काळीं इंग्रजी साहसकथेंत आमच्या वांट्यास सामान उचलण्याचें काम येई, त्या काळीं एका फ्रेंच माणसानें समुद्राखालचें सारें राज्य एका हिंदी राजपुत्राच्या हातीं दिलें!

व्हर्नच्या कथा मराठी मुलांच्या घरांत आणल्या त्या मुख्यतः भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनीं. त्यापूर्वींहि मराठींत अद्भुताची वाण नव्हती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं १८६१ पासून आरंभिलेल्या अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. परंतु त्या मोठ्यांच्या कपाटांतून चोरून वाचावयाच्या असत. भागवतांनीं मुलांस त्यांच्या वयाचा नायक दिला. फुरसुंगीचा बनेश फेणे उर्फ फास्टर फेणे हा पुण्याच्या शाळेंत शिकतो, अंगानें काडीसारखा आहे, सायकल पिटाळतो, आणि आश्चर्य वाटलें कीं 'टॉक्' असा आवाज काढतो. त्याच्यापाशीं जादू नाहीं. आहेत ते दोन डोळे, दोन पाय आणि नको तेथें नाक खुपसण्याची खोड. २०१७ सालीं त्याच्यावर निघालेल्या चित्रपटाच्या वेळीं मुलांपेक्षां त्यांचे आईबापच अधिक उतावीळ झालेले आम्हीं पाहिले.

आतां आमच्या हातून घडलेला एक अपराध सांगून हा लेख पुरा करितों. कांहीं वर्षांपूर्वीं सातवीच्या अंकगणिताच्या तासास एक विद्यार्थी बांकाखालीं पुस्तक धरून वाचतांना आढळला. आम्हीं पुस्तक जप्त केलें. तें 'ट्रेझर आयलंड'चें संक्षिप्त मराठी रूपांतर होतें. असें त्यांत आहे तरी काय, हें पाहण्यासाठीं रात्रीं तें हातीं घेतलें आणि कंदील मालवला, म्हणजे विजेचा दिवा मालवला, तेव्हां एक वाजून गेला होता. पुस्तकांत चौकटींच्या कागदाची एक घडी होती. तिच्यावर आमच्याच शाळेच्या आवाराचा नकाशा होता: घंटा, विहीर, चिंचेचें झाड, सायकली ठेवण्याची जागा, आणि कोपऱ्यांत दहा पावलांस एक चौकट असें प्रमाण. चिंचेपासून कांहीं पावलांवर तांबडी फुली. नकाशा सुबक होता. फक्त विहीर घंटेच्या पूर्वेस दाखविली होती, वास्तविक ती पश्चिमेस आहे. हाडाचे मास्तर आम्ही! तांबड्या शाईची लेखणी घेऊन विहिरीवर काट मारली, योग्य ठिकाणीं वर्तुळ काढिलें, आणि बाजूस 'दिशा चूक' असें लिहिलें.

दुसऱ्या दिवशीं पुस्तक परत दिलें. त्यानें घडी उलगडून नकाशा बराच वेळ पाहिला. मग अतिशय विनयानें म्हणाला, "सर, विहीर मुद्दाम तिकडे दाखविली होती. नकाशा शत्रूच्या हातीं पडला, तर त्यानें चुकीच्या बाजूनें पावलें मोजावीं म्हणून. आतां खरी जागा कोणालाहि सांपडेल."

आम्हीं त्याची क्षमा मागितली. त्या सायंकाळीं चिंचेखालीं कांहीं खणाखणी झाल्याचें शिपायानें आम्हांस सांगितलें. खजिना दुसरीकडे हलविण्यांत आला असावा. त्यांत काय होतें, हें त्या मुलानें आम्हांस अद्यापि सांगितलेलें नाहीं.